डॅफचे बारा कसे वाजले

ही डेअरी नकाशावर सापडणार नाही. सांडपाणी प्रकल्पात रात्री काय घडलं हे नावगावासकट कुणी सांगत नाही, म्हणून ती मी कागदावर उभी केली आहे. आकडेमोड मात्र खरी आहे, आणि यातली एकेक चूक या धंद्यात वावरलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. दिवस गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसाचा. श्रीखंडाची मागणी टोकाला, चक्क्याच्या पिशव्या दिवसरात्र टांगलेल्या.

डेअरीचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, दिवसाला 600 घनमीटर पाण्याचा, म्हणजे ताशी 25. सांडपाणी आधी 200 घनमीटरच्या इक्वलायझेशन टाकीत येतं. तिथून पंपाने डॅफमध्ये, मग 600 घनमीटरच्या एरेशन टाकीत, शेवटी गाळ खाली बसवणाऱ्या क्लॅरिफायरमध्ये आणि तिथून नाल्यात.

डॅफ म्हणजे तरंगवणारं यंत्र. स्वच्छ झालेलं थोडं पाणी पंपाने परत घ्यायचं, सॅच्युरेटर नावाच्या बंद पात्रात 5 बार दाबाखाली त्यात हवा विरघळवायची आणि डॅफच्या तोंडाशी दाब एकदम सोडायचा. गोटी सोडा फोडल्यावर होतं तेच इथे होतं, फक्त बुडबुडे डोळ्यांना सुटे दिसणार नाहीत इतके बारीक, सरासरी 50 मायक्रॉनच्या आसपास. ते तुपाच्या कणांना आणि केसीनच्या गुठळ्यांना चिकटतात, वर येतात, पृष्ठभागावर साय धरते आणि स्किमर ती ओढून घेतो. 1920च्या दशकात स्कँडिनेव्हियातल्या कागद गिरण्यांनी वाया जाणारे तंतू परत मिळवायला ही युक्ती वापरली. दुधाच्या धंद्याला ती जणू मापानेच बेतली आहे.

आपल्या डॅफची टाकी 4 मीटर लांब, दीड मीटर रुंद, 2 मीटर खोल. 12 घनमीटर. येणारं पाणी ताशी 25 आणि फिरवलेलं 8, एकूण 33. बाराला तेहेतीसने भागा: 22 मिनिटं. हा त्याचा रिटेन्शन टाइम, पाणी टाकीत सरासरी थांबतं तो वेळ. टाकीवरच्या पत्र्याच्या पाटीवर तो रंगवलेला आहे.

दुपारी 3:00. पंधरा तास बाकी

निवळी नेणारा टँकर आलेला नाही. दह्याचा चक्का बांधला की वजनाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास निवळी निथळते. एरवी ती वेगळ्या टाकीत साठते आणि टँकर ती घेऊन जातो. आज ड्रायव्हर गावी गेला आहे, फोन लागत नाही. टाकी गळ्याशी आलेली. प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, "बघू संध्याकाळी."

संध्याकाळी 6:00. बारा तास बाकी

शिफ्ट बदलते. रजिस्टरमध्ये नोंद: डॅफ ओके, सॅच्युरेटर 5 बार, पीएच 6.8. निवळीच्या टाकीबद्दल अक्षर नाही, कारण ती टाकी ईटीपीची नाही, प्रॉडक्शनची.

रात्री 8:30. साडेनऊ तास बाकी

इक्वलायझेशन टाकीचा ब्लोअर बंद करतात. वीजबिलावरून मागच्याच आठवड्यात बोलणी बसली होती, आणि रात्री दोन तास ब्लोअर थांबवला तर कुणाला कळत नाही.

ज्याला रिटेन्शन टाइम म्हणजे जितका जास्त तितका चांगला असं वाटतं, त्याने ही टाकी पाहावी. हवेविना थांबलेल्या पाण्यात दुधातली साखर आंबायला लागते, लॅक्टिक आम्ल तयार होतं, पीएच घसरतो. मार्चअखेरच्या उकाड्यात तर वेगाने. रात्री साडेदहाला ब्लोअर सुरू होतो तेव्हा पीएच 5.6 आहे आणि टाकीवर उभं राहिलं की आंबट ताकाचा वास नाकात जातो.

कागदावर या टाकीत 8 तासांचं पाणी मावतं. प्रत्यक्षात तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ बसला आहे, त्याने 60 घनमीटर जागा खाल्ली आहे. त्यावर 100 घनमीटर पाणी कायम भरलेलं, पंप कोरडा पडू नये म्हणून. उरली 40 घनमीटर. सगळ्या प्रकल्पाची उसंत तेवढीच. शेजारी 100 घनमीटरची एक मोकळी होल्डिंग टाकी आहे, अशाच प्रसंगासाठी बांधलेली. तिच्यात तुटके क्रेट आणि केमिकलचे रिकामे कॅन भरून ठेवले आहेत.

रात्री 11:40. सहा तास वीस मिनिटं बाकी

निवळीचा व्हॉल्व्ह गटारात उघडतो. कुणी उघडला यावर नंतर पुष्कळ चर्चा होईल. नवीन चक्क्याची निवळी सोडायला जागा हवी होती, इतकं खरं.

10,000 लिटर निवळी. लिटरला साधारण 60 ग्रॅम सीओडी (घाणीचं ऑक्सिजनच्या मागणीतलं माप) धरला तर 600 किलो. या ईटीपीचा अख्ख्या दिवसाचा भार 1,500 किलोचा. म्हणजे दिवसाच्या चाळीस टक्के ओझं अर्ध्या तासात टाकीत पडलं. त्यातही मोठा वाटा विरघळलेल्या साखरेचा. डॅफ तूप तरंगवेल, केसीन तरंगवेल. विरघळलेली साखर मात्र तो दिवसभर पाणी धरून बसला तरी वर आणू शकत नाही, कारण बुडबुड्याला चिकटायला तिथे कणच नाही.

रात्री 12:30. साडेपाच तास बाकी

सीआयपी, म्हणजे यंत्रं न सोडवता आतून केलेली धुलाई, सुरू होते. नेहमी तीन लाइनींची धुलाई एकामागून एक होते. आज पहाटे 4 वाजता सगळ्या लाइनी दूध घ्यायला तयार हव्यात, म्हणून तिन्ही एकदम. गरम कॉस्टिक, मग पाणी, मग नायट्रिक आम्ल, मग पुन्हा पाणी. गटारातून ताशी 55 घनमीटर येऊ लागतं. बाहेर जातंय 25.

कॉस्टिकचा एक गुण इथे नडतो. तो तुपाचा साबण करतो आणि उरलेल्या तुपाचे इतके बारीक थेंब करतो की ते पाण्यात दुधासारखे मिसळून राहतात. त्यांना पुन्हा गुठळीत बांधायला पॅक (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड) आणि पॉली (पॉलिमर) लागतात, आणि त्यांना काम करायला मिनिटं लागतात.

रात्री 1:30. साडेचार तास बाकी

टाकी भरत आली. वरच्या पातळीचा फ्लोट उचलला जातो आणि राखीव पंप आपोआप सुरू होतो.

फ्लोटने काम चोख केलं. 9 फेब्रुवारी 2017च्या पहाटे अमेरिकेत सिएटलच्या वेस्ट पॉइंट प्रकल्पात याच्या उलट घडलं होतं. मुसळधार पाऊस, समुद्राला भरती, पाणी बाहेर टाकणारे पंप विजेअभावी बंद. आणि प्राथमिक टाक्या भरल्यावर येणारं पाणी थांबवायचं काम ज्या फ्लोट स्विचांचं होतं, त्यांनी ते केलं नाही. तळघरातली यंत्रं बुडाली, कोट्यवधी गॅलन पाणी प्रक्रियेविना प्यूजेट साउंडमध्ये गेलं. तिथे फ्लोट चुकला, इथे फ्लोट बरोबर होता, पण राखीव पंप आपोआप लावण्याचा निर्णय ज्याने घेतला त्याने पुढे डॅफ आहे याचा विचार केला नव्हता. पंप इक्वलायझेशन टाकीला वाचवतो आणि डॅफला बुडवतो.

आता हिशेब पाहा. येणारं पाणी 50, फिरवलेलं 8, एकूण 58. बाराला अठ्ठावन्नने भागा: 12 मिनिटं आणि काही सेकंद. टाकीला कुणी हात लावला नाही, पाटीवर अजून 22च लिहिलंय.

पण खरी गोम त्या 12 मिनिटांतही नाही. 50 मायक्रॉनचा बुडबुडा 30 अंश तापमानाच्या पाण्यात ताशी साधारण 6 मीटर वेगाने चढतो. स्टोक्सच्या 1851च्या सूत्राने कुणीही काढून पाहावं. डॅफचा पृष्ठभाग 6 चौरस मीटर. ताशी 33 घनमीटर पाणी असताना त्यावर भार पडतो ताशी 5.5 मीटरचा. सोप्या भाषेत, पाणी या वेगाने खाली बाहेरच्या वाटेला लागतं आणि बुडबुडा त्याहून किंचित जास्त वेगाने वर येतो. किंचितच. 58 झाले की भार 9.7 मीटर. बुडबुडा वर येतोय खरा, पण पाणी त्याला त्याहून वेगाने खाली ओढतंय. ज्या गुठळीला भरपूर बुडबुडे चिकटले ती अजूनही सुटून वर येईल. जिला एकदोनच मिळाले ती गेली.

म्हणून डॅफच्या बाबतीत नुसता रिटेन्शन टाइम विचारणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. टाकी दुप्पट खोल केली की मिनिटं दुप्पट होतात, पण बुडबुड्याची आणि पाण्याची शर्यत जशीच्या तशी राहते. गाळ खाली बसवणाऱ्या टाक्यांबद्दल ॲलन हेझन या अमेरिकी अभियंत्याने 1904 सालीच हे मांडलं होतं: कण पकडायचं काम पृष्ठभागाचं, खोलीचं नव्हे. तरंगवण्यात तेच, फक्त दिशा उलटी. शिवाय 22 काय आणि 12 काय, दोन्ही सरासरी. टाकीत रंग सोडून पाहिला तर पहिली छटा त्या आकड्याच्या निम्म्याहून कमी वेळात बाहेर आली तर नवल नाही. जे पाणी आडवाटेने आधी निसटतं, तेच नाल्याला भेटतं.

रात्री 1:50. चार तास दहा मिनिटं बाकी

पॅक आणि पॉलीचे डोसिंग पंप 25 घनमीटरला बांधलेले आहेत. पाणी दुप्पट झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे लिटरमागे औषध निम्मं. गुठळ्या बांधणाऱ्या नळीतला वेळही निम्मा. आणि इक्वलायझेशनमधून येणाऱ्या पाण्याचा पीएच 4.4, कारण निवळीनंतर आता आम्लाची धुलाई टाकीत उतरली आहे. इतक्या आंबट पाण्यात ॲल्युमिनियमचा चिकट फ्लॉक धरत नाही, ते विरघळलेलंच राहतं.

हवेचं गणित त्याहून वाईट. सॅच्युरेटरचं 8 घनमीटर पाणी ताशी साधारण अर्धा किलो हवा सोडतं. एरवी ताशी सतरा-अठरा किलो घाण येते, म्हणजे किलोमागे 29 ग्रॅम हवा. आता पाणी दुप्पट आणि दाटही. ताशी 60 किलो घाण. हवा तीच अर्धा किलो. किलोमागे साडेआठ ग्रॅम.

रात्री 2:10. तीन तास पन्नास मिनिटं बाकी

ऑपरेटर चहा घेऊन येतो आणि डॅफच्या बाजूच्या काचेपाशी थबकतो.

चांगल्या चालणाऱ्या डॅफमध्ये या काचेतून तीन थर दिसतात. वर घट्ट पिवळसर साय, तिच्याखाली बुडबुड्यांचा दुधी पट्टा, आणि खालच्या अर्ध्यात जवळजवळ पारदर्शक पाणी, ज्यात पलीकडच्या भिंतीचा वेल्डिंगचा जोड दिसतो. आता जोड दिसत नाही. दुधी पट्टा तळापर्यंत उतरलाय. वरची साय पातळ झालीय, स्किमरची पाती तिच्यात शिरली की मागे पाणीच भरून येतं. बाहेरच्या वेअरवरून पडणारं पाणी पांढरं आहे आणि त्याला बारीक फेस.

तो दोन गोष्टी करतो. स्किमरचा वेग वाढवतो आणि पॉलीचा डोस वाढवतो. दोन्ही चूक, पण त्याच्या जागी बहुतेकांनी हेच केलं असतं. वेगाने फिरणारा स्किमर कच्ची साय मोडून तिचे तुकडे खाली ढकलतो. आणि 4.4 पीएचला, पॅकने गुठळीच धरलेली नसताना, जादा पॉली पाण्याला नुसती बुळबुळीत करते.

मग तो फोन लावतो.

"साहेब, डॅफ पांढरा पडलाय. दोन्ही पंप चालू झालेत. एखादी लाइन थांबवता येईल का?"

"आत्ता? चारला दूध घ्यायचंय रे. पाडवा आहे उद्या. सकाळपर्यंत सांभाळ, मग बघू."

"साहेब, पीएच पण खूप खाली आहे."

"मग सोडा टाक ना. मला का विचारतोस?"

राखीव पंप बंद करणं त्याच्या हातात आहे. पण टाकीत 10 घनमीटरचीच जागा उरली आहे आणि पंप बंद केला तर ताशी 30 चढतील. वीस मिनिटांत टाकी उतू जाईल, कच्चं पाणी पावसाळी गटारात, ज्याला कॅमेरा लावलाय. पंप चालू ठेवला तर खराब पाणी एरेशनमध्ये जाईल, जिथे कॅमेरा नाही. पंप चालूच राहतो. या निर्णयाला दोष देणं सोपं आहे. दोष द्यायचाच तर क्रेटने भरलेल्या होल्डिंग टाकीला द्यावा. तीनपैकी एक लाइन दोन तास मागे ढकलली असती, तरी निभावलं असतं.

रात्री 2:40. तीन तास वीस मिनिटं बाकी

इथून बिघाड स्वतःलाच खतपाणी घालू लागतो. रिसायकल पंप आपलं पाणी डॅफच्या बाहेरच्या कप्प्यातून घेतो. त्या कप्प्यात आता स्वच्छ पाणी नाही, बुडबुड्यांनी भरलेलं आहे. पंप हवा ओढतो, खडखडतो, दाब 5 वरून साडेतीन बारवर येतो. विरघळणारी हवा जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. शिवाय पाणी सीआयपीमुळे कोमट, आणि कोमट पाण्यात हवा मुळातच कमी विरघळते. बुडबुडे कमी म्हणून पाणी खराब, पाणी खराब म्हणून बुडबुडे कमी.

पहाटे 3:30. अडीच तास बाकी

एरेशन टाकीवर पिवळसर तवंग पसरलाय. तुपाने जिवाणूंच्या गाळाला आणि डिफ्यूझरला लेप बसतो, त्याचा त्रास आठवडाभर पुरेल. आजचा त्रास मात्र साखरेचा. जिवाणूंना लॅक्टोज म्हणजे मेजवानी. ते तुटून पडतात आणि श्वासाला लागणारा ऑक्सिजन ब्लोअर देऊ शकतो त्याहून वेगाने संपवतात. माझ्या हिशेबाने टाकीवर दर तासाला नेहमीच्या चौपट भार येतोय. विरघळलेला ऑक्सिजन दाखवणारा डीओ मीटर 2 वरून 0.2 वर येतो. फेस कठड्याला टेकतो.

पहाटे 4:00. दोन तास बाकी

तिन्ही लाइनी तयार, दूध वेळेवर चढतं. प्रॉडक्शनच्या रजिस्टरमध्ये रात्र उत्तम गेली.

पहाटे 5:10. पन्नास मिनिटं बाकी

क्लॅरिफायरचा पृष्ठभाग 25 चौरस मीटर. ताशी 25 घनमीटरला तो पुरत होता, 50ला पुरत नाही, आणि तुपाने हलका झालेला गाळ तर बसायलाच तयार नाही. गाळाची पातळी काठापासून दीड मीटर खाली असायची, ती आता वीतभर खाली आहे. ऑपरेटर टॉर्च मारतो. तपकिरी ढग काठाकडे सरकताना दिसतात. तो राखीव पंप बंद करतो. सीआयपी थांबल्यामुळे आता ते जमतं. पण क्लॅरिफायरला हे कळायला वेळ लागतो. दीड तासापूर्वी आत शिरलेलं पाणी आत्ता काठावर पोचतंय.

सकाळी 6:00

क्लॅरिफायरच्या काठावरच्या व्ही-नॉचवरून गाळ पडू लागतो. लिटरला दीड ग्रॅम धरला तरी ताशी 40 ते 75 किलो. नाल्याला चैत्रात स्वतःचं पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे नाल्यात जे वाहतं ते हेच. देशात नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडीला (घाण खाताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनला) लिटरमागे 30 मिलिग्रॅम आणि तेल-ग्रीसला 10. ही मर्यादा किती पटींनी ओलांडली ते मोजायला केमिस्ट बाई अजून आलेल्या नाहीत, आणि बीओडीच्या तपासणीला आपल्याकडे तीन दिवस लागतात. त्या तीन दिवसांत व्हायचं ते होऊन जातं. पाणी दोन किलोमीटरवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यात उतरतं, दिवसभर तिथले जिवाणू त्याच्यावर पोसतात. पाण्यातला ऑक्सिजन रात्रभर घटत जाऊन सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मासे वर आले.

ईटीपी सावरायला दोन-तीन आठवडे जातील. शेजारच्या कारखान्यातून गाळाचे टँकर आणावे लागतील, डिफ्यूझर काढून धुवावे लागतील. होल्डिंग टाकी एका दुपारी रिकामी झाली. दोन हेल्पर आणि एक ट्रॅक्टर पुरला.

चौकशीत डॅफ लहान पडला असं ठरलं. पुरवठादाराकडून कोटेशन आलं: 24 घनमीटरचा नवा डॅफ, रिटेन्शन टाइम 44 मिनिटं. आवारात जागा कमी म्हणून लांबी 4 मीटर, रुंदी दीड मीटर, खोली 4 मीटर. पर्चेस ऑर्डरवर सही झाली आहे.